जमादार कुठे चरला

आमच्या जमादार घोड्याने हिरवं गवत कधी तोंडात धरलेलं नाही, असं मी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं. नवरा गेल्यापासून लालबागच्या तबेल्यात त्याला वाळलेलं गवत आणि चणे मीच घालते. आमची व्हिक्टोरिया घोडागाडी हाकतो माझा दीर, भिवा.

जमादारच्या पोटात वरचेवर कळा यायच्या. आज तर परळच्या जनावरांच्या इस्पितळात तो पोटाकडे मान वळवून पाय झाडत होता. मागच्या खेपेला भिवाच त्याला घेऊन आला होता, तेव्हा लिदीत काही सापडलं नव्हतं. पोटात चपटे जंत असले तरी त्यांची अंडी लिदीत दरवेळी दिसत नाहीत म्हणे. आज दिसली.

"बाई, हे जंत कुरणातूनच येतात," डॉक्टर म्हणाले. "आजारी घोड्याच्या लिदीतली अंडी गवतातले बारीक किडे खातात, आणि ते किडे गवताबरोबर दुसऱ्या घोड्याच्या पोटात जातात. औषध देतो, पण पुन्हा तिथंच चरला तर आतडं बंद होऊन मरेल. मागच्या खेपेलाही विचारलं होतं, कुठं चरतो?"

मी भिवाकडे पाहिलं. तो लगामाशी चाळा करत होता.

"भाऊजी, बोला की! मुका जीव तडफडतोय."

"मलबार हिलला, वहिनी. एका शेठच्या बंगल्यामागं. त्याची तट्टं चरतात तिथं. शेठ तयार होईस्तोवर मी याला सोडायचो."

"कधी?"

"हरताळाला. टॅक्सी बंद असायची ना, मग शेठ आपल्या गाडीतून पेढीवर जायचा."

हरताळाच्या दिवशी हा घोड्याला शिवडीच्या खाडीवर फिरवून आणतो म्हणायचा. आणि मी मूर्ख! संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत भर नाक्यावर शेजारच्या तबेल्यातल्या गुणाजीची व्हिक्टोरिया अडवली, हरताळ मोडतो म्हणून त्याला चारचौघांत गद्दार म्हटलं. बिचारा आजारी आईला नेत होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टरांनी नळीने औषध पाजलं. दिवेलागणीला जमादार शांत झाला.

"चुकलो, वहिनी," भिवा लगामाला हात घालत म्हणाला. "पण घोडा वाचला ना?"

मी त्याचा हात झटकला.

"मला फसवलंत, ते मी गिळलंही असतं. पण मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काय सांगितलंत?"

उत्तर डॉक्टरांनीच दिलं. "कुठंच नाही, म्हणाले."

मी जमादारला घेऊन निघाले. भिवा मागून चालायला लागला, तेव्हा मी थांबले आणि तो माघारी फिरेपर्यंत तिथंच उभी राहिले.