तीन ठोक्यांचं गाणं

लॉर्नाने पिशवीतून आधी टॉवेल काढला, मग टाल्कम पावडरचा डबा, मग नाचायचे बूट, आणि अगदी तळाशी दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेली रेकॉर्ड काढून ती तिने गाणी लावणाऱ्या क्लाइव्हच्या टेबलावर ठेवली. क्लाइव्हने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, लेबल वाचलं आणि काही वाचलंच नाही असा चेहरा करून चष्मा परत वर सारला.

"नाही," तो म्हणाला.

"अरे, मी अजून काही विचारलंसुद्धा नाही."

"विचारायला कशाला पाहिजे? दारावर काय लावलंय ते दिसलं ना येताना?"

दिसलं होतं. खाणकामगारांच्या क्लबाच्या दारावर क्लाइव्हने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलं होतं: रविवार, दुपारी बारा ते आठ, फक्त कमी ऐकलेली गाणी. खाली दहा गाण्यांची नावं, त्यांच्यावर लाल फुली, आणि 'ही मागायला येऊ नये' अशी तंबी. यादीत पहिलं नाव होतं 'तीन ठोके'.

गाण्याचं खरं नाव वेगळंच होतं, पण इंग्लंडच्या या लँकेशायरात ते कोणी घेत नसे. दारावर थाप मारावी तसे ढोलाचे तीन ठोके पडून गाणं सुरू व्हायचं, म्हणून तीन ठोके. पन्नास वर्षांपूर्वी डेट्रॉइटमधल्या कुणा पोरीने ते गायलं, तेव्हा तिकडे त्याला कुत्र्यानेही विचारलं नव्हतं. इकडच्या गिरणी-खाणीतल्या पोरांनी मात्र ते डोक्यावर घेतलं, ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. लग्नात वाजलं, साठीला वाजलं, दोन-तीनदा शवपेटीमागेही वाजलं. "पुन्हा तेच?" असं म्हणून जो कपाळाला हात लावायचा तोच सगळ्यांत आधी नाचायला धावायचा. जाणकार म्हणवणाऱ्यांना याचीच तर चीड. क्लाइव्ह जाणकारांचा मेरुमणी.

"क्लाइव्ह, नेव्हिल बुधवारी चाललाय," लॉर्ना म्हणाली.

"माहितीये. ऑस्ट्रेलियात, पर्थला, लेकाकडे. मग?"

"ते त्याचं गाणं आहे. गुडघा गेल्यापासून तो दुसऱ्या कशाला उठतच नाही. तेवढ्या एका गाण्याला उठतो."

क्लाइव्हने भिंतीकडच्या टेबलाकडे पाहिलं. नेव्हिल रिग्बी तिथे एकटाच बसला होता. समोर बटाट्याचा गरम रस्सा आणि तांबड्या कोबीचं लोणचं, पण चमचा तसाच. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण ताठ. शर्टाला कडक इस्त्री, बूट आरशासारखे. मग क्लाइव्हने लॉर्नाकडे पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

लॉर्नाने नजर पावडरच्या डब्याकडे वळवली. आता या वयात लाजायचं तरी किती?

पाप म्हणावं असं काही घडलेलं नव्हतं. काही म्हणजे काहीच घडलेलं नव्हतं. ती एकोणीस वर्षांची असताना, पुढे जळून गेलेल्या त्या मोठ्या नाचघरात, हे गाणं लागलं आणि खांबाजवळचा एक उंच पोरगा तिच्या समोर येऊन नाचायला लागला. समोर म्हणजे सहा हातांवर. इथे जोडीने कोणी नाचत नाही. ज्याने त्याने आपल्या जागेवर, आपल्या तंद्रीत नाचायचं. तो नाचला, गाणं संपलं, मान हलवून निघून गेला. पण त्या अडीच-पावणेतीन मिनिटांत लॉर्नाचं जे व्हायचं ते झालं होतं. पुढच्या आठवड्यात ते तीन ठोके पडताच ती हातातला पेला तसाच टाकून धावली. तोही आला होता.

मग प्रत्येकाने आपापला संसार केला. लॉर्नाने डेसशी लग्न केलं. डेस भला माणूस, शर्यतीची कबुतरं पाळायचा, नाचगाण्याच्या वाटेला कधी गेला नाही. त्याला जाऊन चार वर्षं झाली. नेव्हिलची जोन गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात गेली. नाचघरं बदलली, क्लब बदलले, पण तीन ठोके पडले की ती तिच्या जागी आणि तो तिच्यासमोर सहा हातांवर, हे बदललं नाही. दोघांच्या जागा सगळ्यांना माहीत. तिथे दुसरं कोणी उभं राहत नसे. बोलणं म्हणाल तर "ठीक?" "ठीक," बस. एवढ्यावर बाईने एक्केचाळीस वर्षं काढली, आणि आता मंगळवारी बाजारात क्लबातल्या चहावाल्या ब्रेंडाने कांदे निवडता निवडता सांगितलं, "नेव्हिल चालला गं, कायमचा." लॉर्ना घरी आली ती कांदे दुकानातच विसरून.

आज तो समोर यायला हवा होता. आणखी एकदा. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

"बरं, समजा मी लावलं," क्लाइव्ह आवाज उतरवून म्हणाला, "पण हे काय आणलंयस? ही बनावट प्रत! बाजारात खोक्यात पडलेली असायची ती. बाई, माझ्या टेबलावर आजवर अस्सल अमेरिकन छापाशिवाय काही फिरलेलं नाही."

"मग तुझी अस्सल लाव."

"माझी मी एका जपानी गृहस्थाला विकली. त्या पैशांत छपराची गळती दुरुस्त झाली." त्याने हनुवटीने टेबलाच्या पलीकडे खूण केली. तिथे चार बाप्ये हाताची घडी घालून उभे होते. "ती चार टाळकी बघ. फिरत्या रेकॉर्डचं लेबल वाचल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. ही बघितली की उद्या सकाळपर्यंत ब्लॅकपूलला बातमी. क्लाइव्ह हेस्केथने चोरछापाची रेकॉर्ड लावली म्हणून. मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"तुझं तोंड बघायला कोण येतंय?" मागून ब्रेंडा म्हणाली. ती चहाचे कप गोळा करत आली होती. "लाव की मेल्या. ती कधी काही मागते का तुझ्याकडे?"

लावलेलं गाणं संपत आलं होतं. क्लाइव्हने दुसरं चढवलं, कोणालाच माहीत नसलेलं, आणि नाचायच्या जागेवरचे सात जण पाच झाले. ते पाहून त्याने सुस्कारा सोडला. मग खाली वाकून खोक्यातून कात्री, पांढरा कागद आणि गोंदाची कांडी काढली.

ब्रेंडा हसू दाबत बघत राहिली. पूर्वीच्या काळी गाणी लावणाऱ्याला एखादी दुर्मीळ रेकॉर्ड सापडली की तो लेबलावर कोरा कागद चिकटवायचा आणि गायकाचं खोटंच नाव ठोकून द्यायचा, म्हणजे दुसऱ्याला ती शोधता येऊ नये. अस्सल सोनं लपवण्याची ती युक्ती. तिचा उपयोग गल्लीतली सगळ्यांत स्वस्त रेकॉर्ड लपवायला होईल, असं ती काढणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. क्लाइव्हने गोल कागद कापला, चिकटवला, आणि त्यावर सासूचं नाव लिहिलं: विल्मा ग्रीनहाल्श आणि मंडळी.

"सासूबाईंवरचा राग निघाला म्हणायचा," ब्रेंडा म्हणाली.

"तू कप धू."

पांढरा कागद फिरायला लागला तशी ती चार टाळकी पुढे सरकली. एकाने मान तिरकी केली. दुसरा पुटपुटला, "ग्रीनहाल्श? शिकागोची असणार." तिसऱ्याने खिशातून वही काढली. लॉर्ना तोवर बूट चढवून आपल्या जागेवर पोचली होती. पाय सरकावेत म्हणून तिने जमिनीवर पावडर टाकली, बुटांचे तळवे घासून पाहिले आणि मान वर ठेवली.

ठक. ठक. ठक.

आधी सगळ्या हॉलभर एक कण्हणं उठलं, "अरे देवा, पुन्हा?", आणि त्याच दमात खुर्च्या मागे सरकल्या. वहीवाला वही टाकून धावला. गुडघेवाले, कंबरवाले, हृदयाची नवी झडप बसवलेला बेकरीवाला, सगळे आले. कोणी गात होतं, कोणी डोळे मिटून घेतले होते. हजारदा ऐकलं असेल, पण चेहऱ्यावर तेच, पहिल्यांदा ऐकल्याचं. क्लाइव्हची मानही हलायला लागली होती. आपण बघतोय हे त्याला कळू नये म्हणून ब्रेंडा पाठ फिरवून उभी राहिली.

लॉर्नाच्या समोरची सहा हातांवरची जागा मात्र मोकळी होती. एवढ्या गर्दीतही तिथे कोणी आलं नाही.

ती नाचत राहिली. पहिलं कडवं गेलं. येईल, गुडघा आहे, वेळ लागतो. ध्रुवपद गेलं. तिने गिरकी घेतली आणि गिरकीतच भिंतीकडे पाहिलं. नेव्हिल बसलेला होता. उठायची काही हालचाल नाही, हात टेबलावर, आणि तो सरळ तिच्याकडे बघत होता. एवढा खटाटोप केला, क्लाइव्हला त्याच्या सासूचं नाव लिहायला लावलं, आणि हा माणूस बसलाय.

मग तिने जे केलं ते या मंडळींत कोणी करत नाही. ऐन तीन ठोक्यांच्या मध्यात ती आपली जागा सोडून निघाली. नाचणाऱ्यांतून अंग चोरत, कुणाचा कोपर, कुणाचा घाम लागत, ती भिंतीकडच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"गुडघा?" तिने विचारलं.

"गुडघ्याला काय धाड भरलीय? आज गोळी घेतलीय मी."

"मग बसलास का?"

नेव्हिलने चमचा उचलला आणि परत ठेवला. "म्हटलं, आज एकदा बसून बघावं. समोर नाचताना नीट बघता येत नाही. पायांकडे लक्ष लागतं, मोजदाद असते." त्याने खांदे उडवले. "इतकी वर्षं तू नाचतेस, आणि मी धड पाहिलेलं नाही. जाण्याआधी पाहून घ्यावं, एवढंच. तर तू निघूनच आलीस."

लॉर्ना खुर्चीवर बसली.

"जा ना," तो म्हणाला. "मधला तुकडा यायचाय अजून. तुझं गाणं वाया घालवू नकोस."

"माझं?"

"मग कोणाचं?"

"तुझं. मी क्लाइव्हला तुझं गाणं म्हणून लावायला लावलं. मागच्या मंगळवारपासून जिवाला घोर आहे माझ्या."

नेव्हिल हसला, पण ते हसू लगेच ओसरलं. "मला हे गाणं पहिल्यापासून आवडत नाही," तो म्हणाला. "ती पोरगी फार किंचाळते. त्या पहिल्या दिवशी मी उठलो, कारण तू तिथे होतीस. आणि पुढच्या खेपेला तू पेला फेकून धावलीस तेव्हा म्हटलं, हिचं आवडतं दिसतंय. मग उठत गेलो."

"मी धावले ते तू येशील म्हणून."

हॉलमध्ये आता टाळ्यांचा तुकडा आला होता. सगळे एकदम टाळी वाजवत होते, लाकडी जमीन पायांखाली थरथरत होती, टेबलावरचा चमचा बशीत किणकिणत होता. लॉर्नाने चमच्यावर हात ठेवून तो थांबवला. एक्केचाळीस वर्षं, तिच्या मनात आलं, आणि त्यापुढे विचार करायचा तिला धीर झाला नाही.

"मला तो कर्णा सहन होत नाही," ती हळूच म्हणाली. "मधला. म्हैस हंबरल्यासारखा वाटतो."

"कुठला, हा आत्ताचा?"

"हाच."

दोघांनी तो पुरता ऐकून घेतला. खरंच वाईट होता.

गाणं संपलं आणि नाचणारे जागचे हलेनात. वहीवाला कमरेवर हात ठेवून ओरडला, "पुन्हा लाव, क्लाइव्ह." मग सगळेच. क्लाइव्हने एका दिवसात एक गाणं दोनदा लावल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तो यादीकडे हात दाखवून काहीतरी बोलला, ते कोणाला ऐकू गेलं नाही, आणि मग सुई परत सुरुवातीला ठेवताना दिसला.

ठक. ठक. ठक.

नेव्हिलने सवयीने दोन्ही हात टेबलावर टेकले. अर्धा उठला. मग तिच्याकडे पाहिलं.

"उठायचं?"

"नको," लॉर्ना म्हणाली. "बसूया."

तो बसला. चहावाल्या ब्रेंडासकट सगळा क्लब उठून नाचत होता, आणि बसलेली अशी ती दोघंच होती. नेव्हिलने आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं.

"तिकीट काढून झालंय, लॉर्ना," तो म्हणाला.

आजवर त्याने तिचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि आपली खुर्ची त्याच्या बाजूला ओढून घेतली.