घराला रंग देईपर्यंत

पिंजऱ्यात उभं राहून चंदन न्यायाधीशांना सांगत होता, "साब, ये अपनी मर्जी से गई. मैंने तो बहुत रोका."

रोकलं म्हणे! दारात आलेल्या भंगारवाल्याला हा माणूस कधी रोखू शकला नाही. आई म्हणाली बस की बसायचं, आई म्हणाली ऊठ की उठायचं. साक्षीसाठी केसांना तेल चोपडून, लग्नातला कोट घालून आला होता. बुऱ्हाणपुरात, एप्रिल महिन्यात, कोट! घाम कानशिलांवरून ओघळत होता आणि हा ईश्वराची शपथ घेऊन सज्जनपणा करत होता. समोरच्या बाकावर बसून मी बघत होते. या ध्यानासाठी मी बारा वर्षं हरतालिकेचे उपास केले, याची मला मनापासून लाज वाटत होती.

खरं काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. एके दिवशी हा म्हणाला, "चार दिवस चांदनीले राह्य तुझ्या भावाकडे. घराले रंग द्यायचाय. वासानं तुले दमा होते." माझ्या दम्याची काळजी या माणसाला! मला भरून आलं होतं, मूर्खासारखं. त्यानंच मला गाडीवर बसवून चांदनीला सोडलं, हर्षलदादाकडे चहा प्यायला, केळीची एक फणी ओट्यावर ठेवली आणि गेला. मग फोनवर कारणं सुरू झाली. पेंटर पळाला. दुसऱ्या पेंटरची बायको बाळंत झाली. पुट्टी ओली आहे. तीन वर्षं ती पुट्टी वाळली नाही.

मग एक दिवस कोर्टाची नोटीस आली. पत्नी तृप्ती कोणत्याही योग्य कारणाशिवाय स्वखुशीनं घर सोडून गेली, सबब घटस्फोट मिळावा.

कारण काय, ते आमच्या सगळ्या इतवारा मोहल्ल्याला ठाऊक होतं. मला मूल झालं नाही. तपासणी तीनदा झाली, तिन्ही वेळा माझीच. याला दवाखान्यात चल म्हटलं तर कोकिळाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, छातीवर हात ठेवून खाली बसायच्या. त्यांनी जसोंडीची एक मुलगी हेरून ठेवली होती, बापाची केळीची बाग, एकुलती एक. पण त्या लोकांची एक अट होती. पहिलीला टाकणारा जावई त्यांना नको होता. पहिली स्वतःहून गेली असं कागदावर आलं, तर मात्र हरकत नव्हती. म्हणून मी स्वतःहून गेले.

माझे वकील मोतीलाल. त्यांनी पहिल्या दिवशीच सुचवलं, "बाई, आपसी सहमतीनं देऊन टाका. सहा महिन्यांत तुम्ही मोकळ्या, तो मोकळा. लढायला गेल्या तर वर्षं जातात."

"मोकळी व्हायले मी तयार आहे," मी म्हणाले. "फक्त 'सोडून गेली' तेवढं काढायले सांगा."

ते काढायला तो तयार नव्हता. कसा असणार, तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता! मग झाला लढतीचा खटला. त्याच्या अर्जावर माझं उत्तर गेलं. मग समेटासाठी दोघांना एका खोलीत बसवलं. तिथल्या बाईंनी विचारलं, इनको घर ले जाओगे? तर चंदन पंख्याकडे बघत राहिला. समेट संपला. मग न्यायाधीशांनी ठरवून दिलं की सिद्ध काय करायचं: बायको कारणाशिवाय गेली का, आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं तिनं नवऱ्याला सोडलं होतं का. सिद्ध करायचं त्याच्यावर, कारण म्हणणं त्याचं. मग साक्षी. शेजारचा उखर्डू येऊन सांगून गेला की मी बॅग घेऊन एकटी रिक्षात बसले, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कोकिळाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, पोरीसारखी सांभाळली हो! प्रत्येक साक्षीच्या मधे तारखा पडायच्या, आणि प्रत्येक तारखेला मी नेपानगरच्या बालवाडीतल्या नव्या नोकरीतून रजा काढून यायचे. मुख्याध्यापिका दर वेळी विचारायच्या, "अजून संपलं नाही?"

चंदनच्या साक्षीच्या दिवशी मधली सुट्टी झाली. मोतीलाल वकील व्हरांड्यात समोसा खात होते. माझं डोकं तापलं होतं. मी म्हणाले, "खुशाल सांगू राहिला, ही गेली म्हणून! दर श्रावणात कानबाई बसवायले मात्र बरा येत होता मले न्यायले!"

समोसा तोंडाजवळच थांबला. "काय म्हणाल्या?"

"त्यांच्या घरची कानबाई जोड्यानंच बसते ना. बायको पाटावर नसली तर देवी बसवत नाहीत. म्हणून शनिवारी घेऊन जायचा, सोमवारी तापीवर विसर्जन झालं की चांदनीले सोडून द्यायचा. तिन्ही वर्षं."

"अहो बाई, हे आता सांगता?"

"देवाधर्माचं कोर्टात काय सांगायचं?"

मोतीलाल वकिलांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी एरवी चंदनकडे बघते. मग त्यांनी हात पुसले आणि आत गेले.

उलटतपासणी सुरू झाली. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आपके घर कानबाई बैठती है?"

"जी, बैठती है." कोटातली छाती जराशी फुगली.

"अर्जी देने से पहले, तीनों साल किसने बैठाई?"

"मैंने."

"अकेले ने?"

शपथ घेऊन चंदन सकाळपासून धडाधड खोटं बोलला होता, त्याची जीभ एकदाही अडली नव्हती. आता अडली. त्यानं नेहमीप्रमाणे आईकडे पाहिलं. कोकिळाबाईंची साक्ष मागेच झालेली, त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या.

"बताइए. अकेले बैठे थे पाट पर?"

"हाँ... अकेला," चंदन पुटपुटला.

"काय बोलू राहिला रे!" कोकिळाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "साहेब, जोड्यानं बसली! आमच्या घरची कानबाई आजवर एकट्यानं नाही बसली! ही होती ना पाटावर, नवी साडी नेसून. विचारा तिले!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "माताजी, आप बैठिए. जवाब इन्हें देने दीजिए."

माताजी बसल्या. आपण काय केलं ते बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण तोंड उघडंच राहिलं. सून टाकली तर चालेल, सुनेवर खोटं कुभांड रचलं तरी चालेल, पण भाऊबंदांत कानबाई एकट्यानं बसल्याचा बोभाटा नको. असली ही माणसं, आणि असला त्यांचा धर्म! पुढचं सगळं चंदननं खाली मान घालून कबूल केलं. आणायला कोण गेलं? मी. परत कोणी सोडलं? मी. तिनं यायला नकार दिला? नाही. राहते म्हणाली? हो, म्हणाली होती.

म्हणाले होते. तिन्ही वर्षं सोमवारी संध्याकाळी, त्याच जुन्या हिरव्या भिंतींसमोर उभी राहून म्हणाले होते.

त्याचा अर्ज फेटाळला गेला. पत्नीनं घर सोडल्याचं सिद्ध झालं नाही, असं निकालात स्पष्ट आलं. हर्षलदादानं कोर्टाबाहेरच मावा जिलेबी वाटली. मोतीलाल वकील म्हणाले, "जिंकल्या तुम्ही!" चांदनीच्या पॅसेंजरमध्ये बसले आणि मला रडू कोसळलं. काय जिंकले होते मी? कोकिळाबाईंच्या चंदनची बायको म्हणून राहण्याचा हक्क. शत्रूलाही देऊ नये असलं बक्षीस.

महिनाभर थांबले. घरी चल म्हणायला तिकडून कोणी आलं नाही. मग परत वकिलांकडे गेले आणि म्हणाले, आता माझा अर्ज लिहा. घटस्फोटाचा.

त्यांनी कपाळाला हात लावला. मग पेन काढलं. "मारहाण लिहू? वजन येतं."

"मारलं नाही त्यानं. तेवढी हिंमत नव्हती."

"हुंडा?"

"मागितला नाही."

"अहो, मग लिहू काय?"

"खोटं बोलून घरातून काढलं आणि परत नेलं नाही. जे झालं ते लिहा."

त्यावर चंदनचं उत्तर काय आलं असेल? अर्जदार पत्नीला सन्मानानं नांदवायला तयार आहे, घटस्फोटाला सक्त विरोध आहे! जसोंडीची मुलगी वाट बघून कंटाळली आणि रावेरला दिली गेली होती. कोकिळाबाईंचे गुडघे गेले होते, भाकऱ्या थापायला कोणी नव्हतं. म्हणजे पुन्हा लढत, पुन्हा तारखा, आणि या खेपेला सिद्ध करायचं माझ्यावर. मी चाळिशी ओलांडली होती.

पहिल्या तारखेला तो व्हरांड्यात माझ्या बाकाच्या टोकाला येऊन बसला. कोट नव्हता. म्हणाला, "सुन ना तृप्ती. तूच तर म्हणत होती, मी गेली नाही, मी गेली नाही. कोर्टानं मानलं बी. मग चल ना आता घरी."

बारा वर्षं संसार केला, पण त्याच्या तोंडावर मी त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"तेव्हा गेली नव्हती, चंदन," मी म्हणाले. "आता जाऊ राहिली."

शिपायानं पुकारा केला. आधी माझं नाव घेतलं, मग त्याचं. मी पदर खोचला आणि आत गेले. तो बाकावरच बसून राहिला होता, शिपायाला त्याचं नाव दुसऱ्यांदा पुकारावं लागलं.