अर्ध्या तासाची चाचणी

दोघी बहिणी. थोरली जन्मापासून बहिरी. कर्णबधिर मुलांच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवत होती. धाकटीचा फोटो स्टुडिओ होता. थोरलीच्या निवृत्तीला तीन महिने उरले, तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिका स्टुडिओत आल्या.

"बाईंचे खुणांच्या भाषेतले धडे आम्हाला व्हिडिओवर हवेत, आणि सोबत पाचशे खुणांचं फोटोंचं पुस्तक," त्या म्हणाल्या. "बाई जातील, पण त्यांचे हात तेवढे आम्हाला ठेवून घ्यायचेत."

धाकटीचा जुना कॅमेरा फोटोला अजून वाघ होता, पण व्हिडिओ म्हटलं की त्याची शेळी व्हायची. ती कॅमेऱ्याच्या दुकानात गेली. दुकानातले काका तिला ती शिकत होती तेव्हापासून ओळखायचे. त्यांनी कपाटातून एक मिररलेस कॅमेरा काढून तिच्या हातात दिला.

"आतला आरसाच काढून टाकलाय, म्हणून हलका. फोटो आणि व्हिडिओ, दोन्ही उत्तम."

"काका, दोन्ही डगरींवर हात ठेवणारे मी पुष्कळ पाहिलेत."

"मग माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. घरी ने, तीन दिवस वापर, नाही पटला तर आणून दे."

एवढा महागाचा जिन्नस त्यांनी कागदावर सहीसुद्धा न घेता दिला. धाकटीला दारातून बाहेर पडतानाच भरून आलं.

पहिल्या दिवशी फोटो. स्टुडिओच्या मागच्या खोलीत थोरलीला भिंतीशी उभं केलं. कॅमेऱ्याने तिचा डोळा फोकसमध्ये असा पकडला की ती हलली तरी सोडेना. धाकटी खूश झाली. मग तिने आवाज न करणारं शटर लावून पाहिलं, तर ट्यूबलाइटच्या उजेडात फोटोभर काळे पट्टे उमटले.

"मुकं शटर इथे चालायचं नाही," तिने हातांनी सांगितलं. दोघींचं सगळं बोलणं हातांनीच चालायचं.

"मग आवाजाचं लाव की," थोरलीचे हात म्हणाले. "मी कधी तक्रार केली?"

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ. इथे खरी परीक्षा होती. थोरलीने एक धडा करून दाखवला आणि लगेच पडद्यावर पाहून कपाळाला हात लावला. कॅमेरा चेहरा धरून बसला होता. हात पुढे आले की बोटं धूसर.

"चेहरा कशाला? मी काय नटी आहे? बोलतात ती बोटं. हे बघ, इथे मी 'शिकव' म्हटलंय आणि दिसतंय 'दे'. पोरं गोंधळतील."

धाकटीने लेन्सचं तोंड बारीक केलं, म्हणजे चेहरा आणि हात दोन्ही स्वच्छ येतील. उजेड कमी पडला तेव्हा दोन दिवे वाढवले, शटरचा वेग चढवला. मग थोरलीला म्हणाली, "मी तुझ्याकडे पाठ करून उभी राहते. तू काहीतरी बोल. मी नंतर नुसतं पडद्यावर वाचते."

पडद्यावर वाक्य स्पष्ट होतं: माझी निळी छत्री तूच हरवलीस, कबूल कर.

"पास," धाकटी हसत म्हणाली.

राहिली होती लांबची चाचणी. धडे अर्ध्या अर्ध्या तासाचे. तेवढ्यात कॅमेरा तापून बंद पडतो का, बॅटरी पुरते का, हे बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला.

"अर्धा तास बोल. थांबायचं नाही."

"काय बोलू?"

"काहीही. मला फक्त फोकस बघायचाय." एवढ्यात पुढे पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक आलं आणि ती निघून गेली.

गिऱ्हाईक गेल्यावर धाकटी कॅमेरा पुढे आणून व्हिडिओ बघत बसली. सुरुवातीला आकडे, फळं, वार. मग शेजारच्या कुत्र्याची यथेच्छ निंदा. एकविसाव्या मिनिटाला थोरली थांबली, थेट लेन्समध्ये पाहिलं, आणि तिचे हात हळू झाले.

"चिमे, तू आत्ता माझी बोटं बघत असशील, फोकससाठी. तर नीट बघ.

"माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी तू आली नाहीस."

धाकटी पडद्याच्या आणखी जवळ सरकली. सहा वर्षांची असल्यापासून ती डॉक्टरकडे, बँकेत, दुकानात ताईची वाचा होऊन जायची. त्या एकाच दिवशी तिने नाही म्हटलं होतं. फोटोग्राफीच्या वर्गाचा पहिला दिवस होता. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"मी रागारागाने एकटी गेले. वही आणि पेन्सिल घेऊन. त्यांनी प्रश्न लिहिले, मी उत्तरं लिहिली. शेवटी मोठ्या बाईंनी लिहिलं, सोबत कोण आलंय? मी लिहिलं, कोणी नाही. त्यांनी वही मिटली आणि मला वर्गात नेऊन मुलांसमोर उभं केलं. तू आली असतीस तर त्या तुझ्या तोंडाकडे बघत राहिल्या असत्या आणि मी तुझ्या हातांकडे. माझ्याकडे कोणीच बघितलं नसतं.

"तू सगळीकडे आलीस, त्याचे आभार. त्या दिवशी आली नाहीस, त्याचे जास्त."

धाकटीने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग आत गेली. थोरली दिव्यांच्या वायरी गुंडाळत होती.

"फोकस?" तिने विचारलं.

"शेवटपर्यंत नीट."

"तापला का?"

"नाही."

"मग तुझे डोळे का लाल?"

"बत्तीस वर्षं, ताई! बत्तीस वर्षं माझं मन मला खात होतं. आधी का नाही सांगितलंस?"

थोरली ओशाळली. "तू अपराधी असलीस की माझी कामं पटापट करायचीस. सोय होती." आणि आवाज न करता, खांदे हलवत हसली. धाकटीने वायरीचं भेंडोळं तिच्या अंगावर फेकलं आणि मग तिच्याच खांद्यावर डोकं टेकलं. जरा वेळाने मान वर करून ती म्हणाली, "माणसाकडे टक लावून बघायला मी तुझ्यामुळे शिकले. पोट त्याच्यावरच भरतंय."

संध्याकाळी ती दुकानात गेली आणि काकांना खरं ते सांगितलं: बॅटरी लवकर संपते, दोन जादा लागतील, ट्यूबलाइटखाली मुकं शटर नको, डोळा छान धरतो, पण हातांसाठी डोकं आपल्यालाच चालवावं लागतं.

"म्हणजे परत?"

"परत कसला! घेतला."

धडे दोन महिन्यांत पुरे झाले. निवृत्तीच्या दिवशी पहिला धडा वर्गातल्या पडद्यावर लावला, तेव्हा मागच्या बाकावरची एक चिमुरडी उठली, पडद्याजवळ गेली आणि पडद्यावरच्या बाईंना हातांनी उत्तर देऊ लागली. थोरली दाराशी उभी होती. तिने धाकटीचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही, म्हणून दोघींनाही काही बोलता आलं नाही.