नरसिंगचं हँडल

नरसिंगनं पस्तीस वर्षं लाईनमनकी केली, खांबांवर चढून निम्म्या नांदेडला उजेड दिला, आणि आता घरचीच माणसं त्याला खाली बसवायला निघाली होती. खांदे दुखायचे, हे खरं. मोटारसायकलवर पुढं वाकून कंधारला बहिणीकडं जाऊन आला की दोन दिवस शेक घ्यावा लागे. पोराला, विनोदला, तेवढं निमित्त पुरलं.

"आबा, उमरीचे गुरुलिंगअप्पा रविवारी गाडी बघाया येऊन राहिलेत. तुमचे खांदे गेले आता. कुठं जायचं तर मी नेतो की."

नेतो म्हणजे त्याला सवड असेल तेव्हा. नरसिंगच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खांदे जाग्यावर हायत. हँडल खाली हाय."

त्यानं लातूरला जाऊन जुन्या सामानाच्या दुकानातून वीतभर उंच हँडल आणलं आणि अंगणात पाने-पक्कड मांडून स्वतःच बसवलं. पाठ सरळ राहिली, कोपरं सैल झाली. खुशीत गाडी चालू करून त्यानं हँडल डावीकडं वळवलं, तर इंजिन एकदम बोंबलायला लागलं.

विनोद दारात हसत उभा होता. "वळणावर कुणाच्या घरात घुसाल आबा! ह्या वयात कशाला ही हौस?"

ते हसणं झोंबलं. पण चूक कळल्यावर नरसिंगला स्वतःचीच जास्त लाज वाटली. हँडल उंच झालं होतं, रेसची वायर मात्र जुनीच, आखूड. वळवलं की ताण बसून आपोआप रेस वाढायची. दोन खांबांमधली तार ताणून बांधायची नाही, झोल ठेवायचा, नाहीतर थंडीत आखडून तुटते, हे त्यानं किती नवशिक्यांना शिव्या देऊन शिकवलं होतं! दुसऱ्या दिवशी त्यानं रेस, क्लच, ब्रेक, तिन्ही वायरी लांब आणल्या आणि झोल ठेवून टाकल्या.

रविवारी गुरुलिंगअप्पा आले. विनोदनं चावी मागितली. नरसिंगनं चावी न देता गाडी चालू केली, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाज तसूभर बदलला नाही.

मग त्यानं आतून जुनं हँडल आणून गुरुलिंगअप्पांच्या हातात ठेवलं.

"पावणं, लांबून आलात. मोकळ्या हातानं जाऊ नका. आमच्यात इकायचं हाय ते एवढंच."

"आबा, पण..."

"आत्याला फोन लाव," गाडीवर ताठ बसत नरसिंग म्हणाला. "म्हणावं, भाऊ निघाला. एकटाच."