तळाचं पाकीट

डोंगर चढणाऱ्या आमच्या टोळीत डोकी मोजत नाहीत, पोटं मोजतात. हा नियम माझ्या बाबांचा. पूर्वी आम्हीही शहाण्यासारखी हजेरी घ्यायचो. एकदा प्लंबरकाकांनी स्वतःचं "आलो" म्हटलं आणि मागे रेंगाळलेल्या मित्राचंही उरकून टाकलं. काय, तर येतोच आहे तो! तो मित्र धुक्यात वाट चुकून भलत्याच घळीत उतरला होता. सापडला तेव्हा थंडीने त्याचे दात वाजत होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

तेव्हापासून बाबांचं फर्मान. मुक्कामाला पोचलं की ताडपत्रीवर जेवणाची पिशवी ठेवायची. ज्याने त्याने आपल्या हाताने वरचं एक पाकीट उचलायचं. दुसऱ्यासाठी उचलायचं नाही, पाकिटांवर नावं लिहायची नाहीत. पिशवी रिकामी झाली की जेवण. पाकीट उरलं तर कुणीतरी मागे राहिलंय, मग घास न घेता शोधायला निघायचं. "माणूस हजेरीला थाप मारेल," बाबा म्हणायचे, "पण भुकेला नाही मारायचा."

ते स्वतः सगळ्यात मागे चालायचे. टोळीत त्यांचं नावच शेपूट होतं. शेवटच्या वळणावरून ते ओरडायचे, "शेपूट आलं!" आणि येऊन पिशवीच्या तळाचं पाकीट घ्यायचे. त्या पाकिटात मीठ नसायचं. बाबांना रक्तदाब होता, पण डोंगरात कुणी आजारी माणूस म्हणून जपलेलं त्यांना खपत नसे. म्हणून आई त्यांचं पाकीट मुद्दाम तळाशी ठेवायची. हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं.

पाकिटं आईच भरायची. एके काळी ती टोळीच्या पुढे चालायची, नंतर तिच्या गुडघ्याने राजीनामा दिला. मग तिचा डोंगर स्वयंपाकघरात आला. भात शिजवून ताटांवर पातळ पसरायचा, मसूर, गाजर, मटार तसेच, आणि ओव्हन अगदी मंद ठेवून दारात लाकडी चमचा अडकवायचा, म्हणजे वाफ बाहेर जाते आणि सगळं वाळतं. मटार ताटात खडखडले की झालं. डोंगरात पाकिटात उकळतं पाणी ओतायचं, तोंड बंद करून लोकरीच्या टोपीत गुंडाळायचं आणि भूक आवरून थोडा वेळ गप्प बसायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

या हिवाळ्यात बाबा गेले. एवढे डोंगर पायाखाली घातले आणि गेले आरामखुर्चीत, चहा गार होण्याची वाट बघत. त्यांच्यानंतरची पहिली वाट मी काढली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांना लहान अक्षरं वाचायला लावते. माणसांना वर नेऊन सुखरूप खाली आणणं वेगळं. पण टोळीने मलाच पुढे घातलं, आणि प्लंबरकाका म्हणाले, "आता मी होतो शेपूट. तुझ्या बाबाएवढं लांब नाही, पण चालवून घे."

आईला मी माणसं किती ते सांगितलं, तिने पिशवी भरून दिली. दारात ती नेहमीसारखं म्हणाली, "सगळी पोटं परत आण गं."

चढ नीट झाला. दुपार कलताना धुकं उतरलं, तरी आम्ही पठारावरच्या मुक्कामाला पोचलो होतो. ताडपत्री पसरली, स्टोव्ह पेटला, एकेकाने पाकीट उचललं. शेवटी प्लंबरकाका आले आणि पाकीट घेऊन टोपी शोधू लागले. मी पिशवी घडी करायला उचलली. ती रिकामी नव्हती.

मी डोकी मोजली. बरोबर होती. पुन्हा मोजली. बरोबर. पण डोकी बरोबर वाटतात म्हणून तर हा नियम झाला होता.

"कोण नाहीये?" प्लंबरकाकांनी विचारलं. हातातलं पाकीट त्यांनी खाली ठेवलं होतं.

"सगळे आहेत, काका."

"मग हे कुणाचं?"

मध्ये एक अनोळखी माणूस बराच वेळ आमच्याबरोबर चालला होता. तो आपल्यात आला होता का? मी कुणाला हो म्हटलं आणि विसरले का? एकदा शंका शिरली की माणसाला स्वतःची बोटंही जास्त वाटायला लागतात.

"चुकून जास्त भरलं असेल," शाळेच्या बाई म्हणाल्या. त्या टोळीत नव्या, पण डोकं शांत.

"वहिनींच्या हातून? आजवर एक पाकीट इकडचं तिकडे झालेलं नाही," असं म्हणत प्लंबरकाकांनी बॅटरी घेतली. "तेव्हाही मी असाच भरवशावर बसलो होतो." एकाला बरोबर घेऊन ते घसरड्या उताराकडे धुक्यात गेलेसुद्धा. म्होरकी मी होते. त्यांना थांबवायला हवं होतं, किंवा ठामपणे जा तरी म्हणायला हवं होतं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही, नुसती पिशवी धरून उभी राहिले.

मग माझं लक्ष पाकिटाकडे गेलं. ते तळाशी होतं. मी ते फाडलं, कोरडा भात बोटावर घेऊन जिभेला लावला.

मीठ नव्हतं.

मी जोरात शिट्टी वाजवली. ते दोघे परत आले, पण प्लंबरकाका दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत. दगड निसटला होता आणि घोटा मुरगळला होता. फार नाही, पण पाऊलभर पलीकडे घळ होती. मी त्यांना सांगितलं कुणाचं पाकीट आहे ते, आणि त्यात मीठ का नाही तेही. ते बुटाची नाडी सोडत होते, सोडतच राहिले.

"बरं झालं," ते म्हणाले. "तोच मागे राहिला होता म्हणायचा."

त्या रात्री बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. "रागावू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईंचं दुःख मला समजतं. पण पाकीट चुकलं तर इथे माणूस पडतो. पुढच्या वेळेपासून दुकानातली तयार पाकिटं आणू या." मला राग आला, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. खोटं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते.

वाटभर मी एकच विचार करत उतरले. आईचं चालणं गेलं, बाबा गेले, आणि आता उरलेला डोंगरही तिच्या हातातून मीच काढून घेणार.

घरी पोचले तर आई ओव्हन पुसत होती. "पोटं आली सगळी?"

"आली. एक पाकीट उरलं, आई."

तिने फडकं ठेवलं. मी सगळं सांगितलं, प्लंबरकाकांच्या घोट्यासकट. म्होरक्याने घरच्यांपासून चूक लपवायची नसते, हे तिनेच मला शिकवलं होतं. ती स्टुलावर बसली. रडली नाही. माझी आई रडण्याऐवजी गुडघा चोळते.

"मोजून भरली होती गं मी. मग पिशवी उचलली, तर तळ रिकामा वाटला. पुढचं मला आठवत नाही. हातांनी केलं." थोडं थांबून ती म्हणाली, "मला त्यांची फार आठवण येते. सकाळी येत नाही, जेवताना येत नाही. पिशवी भरताना येते. ते मागे राहिलेत आणि पोचायचेत, असंच वाटत राहतं."

माझंही तेच होतं. पठारावर प्लंबरकाका आल्यानंतरही मी त्या वळणाकडे बघत होते.

"बाई बरोबर बोलल्या," आई उठत म्हणाली. "तयार पाकिटं आणा. कुणाचा जीव जायला नको माझ्यापायी." आणि ओव्हनच्या दारातला लाकडी चमचा तिने काढून खणात टाकला.

त्या चमच्याने माझं टाळकं फिरलं. "काही खणात टाकायचं नाही," मी ओरडलेच. "पाकीट जास्त झालं ना? मग पाकीट कशाला कमी करायचं? माणूस वाढवू."

"म्हणजे?"

"म्हणजे तू चल."

"वेडी आहेस का? या गुडघ्याने?"

"तळ्याकाठची सपाट वाट घेऊ. जितका वेळ लागायचा तितका लागू दे. आमच्यात घाई करणारं कोण होतं? बाबा तर कधीच नव्हते."

तिने मला वेड्यात काढलं, डॉक्टरांचं नाव पुढे केलं, जुने बूट टाकून दिलेत अशी थापही मारली. बूट पलंगाखाली होते, वर्तमानपत्राचे बोळे भरून, तेल लावून ठेवलेले.

काकांचा घोटा बरा झाल्यावर आम्ही निघालो. डॉक्टरांनी दोन काठ्या आणि सपाट वाट या अटीवर हो म्हटलं होतं. पाकिटं आईने भरली, आणि बाईंनी तिच्या समोर बसून मोजली. तो नवा नियम त्यांचा, आणि चांगला आहे. पुढे मी, मागे प्लंबरकाका, आणि त्यांच्याही मागे, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात, आई.

मुक्कामाला सगळे आले. पाकिटं उचलली गेली. प्लंबरकाका आले, त्यांनी त्यांचं घेतलं आणि "वहिनी येतायत, झाडापाशी दम खातायत" असं सांगितलं. पिशवीच्या तळाशी एक पाकीट उरलं. कुणी घास घेतला नाही. स्टोव्हवर पाणी उकळत होतं आणि आम्ही सगळे वळणाकडे बघत बसलो. काठ्यांचा आवाज यायला लागला तेव्हा, खोटं कशाला बोलू, क्षणभर मला वाटलं की बाबाच येतायत. तसं वाटावं, असंच मला हवं होतं.

"शेपूट आलं!" वळणावरून आईचा आवाज आला. बारीक, धापा टाकणारा.

तिने तळाचं पाकीट स्वतःच्या हाताने उचललं, त्यात पाणी घेतलं, बाबांच्या टोपीत गुंडाळून मांडीवर धरलं. उघडल्यावर पहिला घास खाल्ला. प्लंबरकाकांनी मिठाची पुडी तिच्यापुढे केली. आईला जेवणात मीठ जरा जास्तच लागतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तिने पाकिटावर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "मला हे असंच हवंय."

मग आम्ही सगळे जेवायला लागलो.