शेवटच्या बसचं गाव

"जात?" वहीवरून मान न उचलता धर्मशाळेच्या मुनीमजींनी विचारलं.

पदूने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. बाहेर बोचरा वारा सुटला होता आणि पोटात सकाळपासून चण्यांखेरीज काही नव्हतं.

"मराठा," तो म्हणाला.

मुनीमजींनी ते लिहिलं आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या सोमाकडे पाहिलं. "और आपकी?"

"बौद्ध."

"उससे पहले?"

"पहले का पहले गया," सोमा आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "अब बौद्ध."

मुनीमजींनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पदूला विचारलं, "ये आपके साथ हैं?"

"नहीं," पदू म्हणाला. "बस में मिले."

सोमाने त्याच्याकडे बघितलं नाही. आपली वळकटी उचलली आणि तो पायऱ्या उतरून गेला.

ही त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यातली गोष्ट. पदू भिवपुरीच्या वीजघरात फिटर होता. डोंगरावरचं पाणी मोठाल्या नळांतून खाली येतं आणि चाकं फिरवतं, हे तो बारा वर्षं रोज पाहत आला होता. नदी बर्फातून निघते म्हणजे नेमकी कशी निघते, हे एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. यात्रा कंपनीबरोबर जाण्याची ऐपत नव्हती आणि देवदर्शन तर करायचंच नव्हतं. तेव्हा दोन वर्षं खपून त्याने सगळं स्वतःच जुळवलं. रेल्वेचं जुनं वेळापत्रक मिळवलं, शाळेच्या पुस्तकातला नकाशा तेलकागदावर उतरवला, तिकडच्या बसच्या ऑफिसांना उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेली जोडकार्डं पाठवली. काहींची उत्तरं आली, काहींची आलीच नाहीत. सोबतीला लहानपणापासूनचा दोस्त, सोमा गवंडी. सबंध हिवाळा दर रविवारी दोघं पाठीवर तांदळाची गोणी बांधून माथेरानची चढण चढत होते. गुराखी हसायचे.

निघायच्या आधी पदूचे वडील, भिवाजी, म्हणाले होते, "गंगोत्रीला कशाला रं? आपलं काय काम तिथं?"

"देवाला नाय जात, बाबा. बरफ बगायला जातोय."

"मंग जा."

भिवाजी छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आलेले. घरातले देव त्यांनी परतल्यावर स्वतःच्या हातांनी उल्हास नदीत सोडले होते.

धर्मशाळेत रात्र काढून पदू सकाळी खाली आला तेव्हा सोमा बसथांब्यापाशी चहाच्या टपरीवर उभा होता. थंडीने त्याचे ओठ फुटले होते. "चा घेतलास?" त्याने विचारलं आणि पदूसाठी एक कप सांगितला. रात्र कुठे काढलीस, हे पदूने विचारलं नाही. नंतरही विचारलं नाही.

तिथून पुढे पायवाट होती. तिसऱ्या दिवशी ते गोमुखाशी पोचले. समोर बर्फाची उंच भिंत होती आणि तिच्या पोटातून गढूळ पाणी उसळत बाहेर पडत होतं. दोन वर्षं ज्याचा ध्यास घेतला ते समोर होतं, आणि पदूला ते धड बघवेना. सोमा मात्र जवळ गेला. गवंडी दगड पारखतो तसं त्याने बर्फावर बोटांनी ठोकून पाहिलं.

"आतनं निळा हाय रं," एवढंच तो म्हणाला.

परतताना पदूने घाई घाई करून त्या धर्मशाळेच्या गावातला मुक्काम टाळला.

घरी परतल्यावर आपल्या गावात त्याचं नाव झालं. विहारात भाषण ठेवलं. गाड्यांच्या वेळा, चढण, बर्फ, सगळं त्याने सांगितलं. धर्मशाळेत राहिलो, असंही सांगून टाकलं. सोमा मागच्या भिंतीला टेकून ऐकत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या. त्यानंतर सोमा घरी आला की पदूला त्याच्या हातांकडे बघवत नसे. सोमाने कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. काढला असता तर बरं झालं असतं, असं पदूला वाटायचं. निदान भांडता तरी आलं असतं.

पुढच्या एप्रिलात एका रविवारी दुपारी कर्जतच्या दवाखान्यातली नर्स जयवंता आणि तिचा नवरा पोपट घरी आले. दोघं समाजातलेच. त्यांनाही बर्फ बघायला जायचं होतं. सोमा त्या दिवशी पदूच्या घराच्या मागच्या भिंतीला गिलावा करत होता. भिवाजी बाजेवर आडवे झाले होते.

जयवंताने वही पुढे केली. "तुम्हीच लिहून द्या, दादा. आमचा घोळ नको."

पदू लिहू लागला. कल्याणहून कोणती गाडी, दिल्लीला कुठे बदलायची, हरिद्वारहून पुढे बस कशी.

"आणि शेवटच्या बसच्या गावात?" जयवंताने विचारलं. "धर्मशाळा आहे म्हणाला होतात ना?"

पदूचा हात थांबला. मागे भिंतीवर चाललेली थापीही थांबली. नाव लिहून दिलं की ही दोघं हौसेने त्या पायऱ्या चढणार होती.

"तिथं जाऊ नका," तो म्हणाला. "तिथं जात इचारतात."

"मग तुम्ही कसे राहिलात?" पोपटने सहज विचारलं.

"मी मराठा सांगितलं." पदूची नजर वहीवर होती. "सोमानं खरं सांगितलं. त्याला घेतला नाय. ह्यो तुमच्यासंगं हाय का, असं मला इचारलं. मी नाय म्हनालो. गाडीत भेटला म्हनालो."

भिवाजी बाजेवर उठून बसले.

"नागपूरवरनं येताना," ते म्हणाले, "आमी बौद्ध झालो म्हनून डब्यात समद्यांना सांगत आलो. ज्यांनी इचारलं नाय त्यांना बी."

पदूने मान वर केली नाही.

भिवाजींनी मागच्या दाराकडे तोंड केलं. "सोमा, तू कुठं निजलास रं तवा?"

सोमा दारात आला. कोपरापर्यंत हात सिमेंटने भरले होते. "शाळा हाय तिथं, काका. थांब्याच्या वरच्या अंगाला. तिच्या ओट्यावर."

"ते लिव," भिवाजी पदूला म्हणाले.

पदूने पेन्सिल टेकवली. सोमा सावकाश सांगत गेला. "वर पत्रा हाय. वारा खालनं येतो, तवा डोकं दाराकडं करायचं. पानी मागल्या बाजूला. सकाळी मास्तर येतो, त्याला काय बोलायचं कारन नाय. चांगला मानूस हाय."

पदू शब्द न् शब्द उतरवत होता.

"किती जण मावतील?" जयवंताने विचारलं.

"चार जन आरामात," सोमा म्हणाला. "मी एकलाच हुतो. जागा लय हुती."

पदूने लिहिलं, चार जणांना जागा आहे.