रेडिएशनवाल्या मॅडम

वडनेर भोलजीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या धम्मशीला वानखडे कधी खोटं बोलत नसत. अर्धवट खरंही बोलत नसत, आणि सगळा घोटाळा त्यामुळंच झाला.

शेजारच्या अन्नपूर्णाबाई दुपारभर मोबाइल कानाला लावून बसायच्या आणि तोच उशाखाली घेऊन झोपायच्या. ते पाहून वानखडे बाईंनी मनावर घेतलं. मोबाइलच्या लहरींवर मिळेल ते वाचून काढलं आणि गावात सभा ठेवली.

"या लहरींनी अपाय होऊ शकतो, अशी शंका आहे. सिद्ध मात्र झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. फक्त तासन्‌तास कानाला चिकटवून बोलू नका. रेंज कमी असली तर नकोच. झोपताना दूर ठेवा."

"धोका हाय का नाई, एक काई तं सांगा ना मॅडम!" मागून कोणीतरी ओरडलं.

"असू शकतो."

"म्हंजे हायच!"

मोबाइलचं दुकान चालवणारा गोकुळ, बाईंचाच जुना विद्यार्थी, सभेचा व्हिडिओ काढत होता. तो व्हिडिओ नांदुऱ्यापर्यंत पोचला, पण वाटेत 'सिद्ध झालेलं नाही' कापलं गेलं. लोकांनी तो जेवताना पाहिला, अंथरुणात पाहिला, मग पाहुण्यांना फोन लावून या भयंकर धोक्यावर कान गरम होईस्तोवर चर्चा केली.

पुढच्या आठवड्यात गोकुळच्या दुकानावर बाईंचा फोटो झळकला. खाली मोठ्या अक्षरांत 'रेडिएशनवाल्या मॅडमचा सल्ला', आणि काउंटरवर सोनेरी गोल स्टिकरांचा ढीग. बाई तणतणत दुकानात गेल्या.

"हे काय लावलं बे गोकुळ?"

"स्टिकर हाय मॅडम. मोबाइलच्या पाठीले लावाचं. किरणं खाऊन टाकते."

"कोणं सांगतलं तुले?"

"धोका तुमी सांगतला, उपाय म्या शोधला," गोकुळनं अदबीनं खुर्ची पुढं केली. "च्या घ्या."

"अरे, लहरी अडल्या तं रेंज पकडाले फोन आणखी जोर लावन! अन् नाई अडल्या तं हा नुसता चमकीचा कागद!"

"बराबर हाय मॅडम. पण हे लय लंबं होते. बोर्डावर मावत नाई."

मग बाई घरोघर फिरल्या. लोक मान डोलवत ऐकत आणि शेवटी कौतुकानं आपलं स्टिकर दाखवत. अन्नपूर्णाबाई आता दुपारसोबत संध्याकाळही फोनवर काढू लागल्या होत्या.

"आता काऊन भ्यायचं?" त्या म्हणाल्या. "पण मॅडम, तुमच्या फोनले नाई दिसत? लोकाइले सांगता अन् स्वतः बिनस्टिकरच्या फिरता!"

बाईंनी दुसरी सभा ठेवली. तिला मोजकीच माणसं आली, तीही स्टिकर टीव्हीला चालतं का, हे विचारायला.

वैशाख लागला आणि उन्हानं स्टिकरांचा डिंक वितळला. फोन चिकट झाले, सोनेरी चकत्या अंगणात पडू लागल्या. गोकुळकडचा माल संपला होता. गाव हादरलं. लोक फोन खाटेवर ठेवून लांबूनच बोलू लागले, त्यामुळं कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते गल्लीभर कळू लागलं. रात्री फोन स्वयंपाकघरात जाऊ लागले. बाई दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. सभेत सांगितलेलं सगळं, अगदी जसंच्या तसं, गाव करत होतं.

अन्नपूर्णाबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या.

"मॅडम, नवे स्टिकर कवा येतीन?"

स्टिकरचा काही उपयोग नसतो, हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गावाला किती वेळा सांगितलं होतं! त्यांनी ते गिळलं.

"नाई येत आता," त्या म्हणाल्या. "कारखानाच बंद पडला."

"खरंच?"

"पक्कं."

अन्नपूर्णाबाईंनी पुरावा मागितला नाही. दिवस मावळायच्या आत बातमी गावभर झाली. बाईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही; फोन खाटेवर ठेवून लेकीशी मोठमोठ्यानं बोलणाऱ्या अन्नपूर्णाबाईंचा आवाज मात्र गोड लागला.

दोन दिवसांनी गोकुळ आला. आता हा भांडणार, म्हणून बाईंनी कंबर कसली. गोकुळनं पिशवीतून वायरचे इअरफोन काढले.

"सभेत तुमी म्हटलंच होतं ना, फोन कानापासून दूर पायजे? मंग हे चालते ना?"

बाईंनी पुष्कळ विचार केला. चूक काही सापडेना.

"चालते," त्या नाइलाजानं म्हणाल्या.

"मंग जरा इकडं पाहा. बोर्डाले नवा फोटो पायजे."

बाईंनी पदर सारखा केला. फोटो छान आला. त्यात त्या अगदी ठाम दिसत होत्या.